वारसा वृक्ष, खिळ्यांसकट

चैत्र लागला की आमच्या यवतमाळात निंब मोहरतो, आणि त्याच सुमारास शहरातल्या प्रतिष्ठित माणसांना झाडांचं प्रेम फुटतं. दोन्ही गोष्टी दरवर्षी न चुकता होतात. मोहोराचा वास सकाळी खिडकीतून आत येतो, गोड आणि मागाहून जरासा कडवट, आणि प्रेमाचा फ्लेक्स चौकात लागतो. फ्लेक्सवर हात जोडलेले पंधरावीस चेहरे असतात आणि उरलेल्या जागेत एक झाड असतं. तेही कुठल्यातरी बर्फाळ देशातलं, मोबाइलवरून उचललेलं. ज्यांना आपल्या गावातल्या एका झाडाचा फोटो काढायला सवड झाली नाही, ते गावातली सगळी झाडं वाचवणार असतात.

यंदाही फ्लेक्स लागला आहे. यंदाही मोहोर आला आहे. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभी राहिले की कपात एखादं फूल पडतं आणि मला तो काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो.

निंबाचं आणि माझं जुनं आहे. माझं लहानपण दिग्रसला गेलं. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं अंगण ओस पडायचं, आणि त्या अंगणातल्या निंबाखाली आम्हा कामगारांच्या घरच्या बाजा यायच्या. वर्षभर कापसाच्या धुळीनं खोकणारी माणसं तिथं पाठ टेकून मोकळा श्वास घ्यायची. सकाळी जाग यायची तेव्हा गोधडीवर फुलांचा पांढरा चुरा पडलेला असायचा. आई तो झटकायची नाही, तशीच गोधडी घडी करायची. तिच्या गव्हाच्या कोठीत निंबाचा वाळलेला पाला असायचा, आमच्या आंघोळीच्या पाण्यात निंबाचा पाला असायचा, आणि कोणाला गोवर आला तर दारातही निंबच. त्या झाडाला कोणी वारसा म्हटलं नाही. कोणी त्याची पूजा केली नाही, त्याच्यावर भाषण केलं नाही. म्हणूनच बहुधा ते इतकं जगलं.

पुढं मी वनस्पतिशास्त्र शिकले, यवतमाळच्या एका कॉलेजात तेच शिकवलं, आणि निवृत्त झाले. निवृत्त माणसाला लोक समित्यांवर घेतात. तो रिकामा असतो आणि त्याच्या नावामागे डॉक्टर असतं, म्हणून.

त्या वर्षी दारव्हा रोड रुंद व्हायचा होता. पन्नास वर्षांवरचं झाड म्हणजे वारसा वृक्ष, ते सहजी तोडता येत नाही, असा नियम आहे. तेव्हा आधी अशी झाडं ओळखायला हवीत म्हणून एक समिती निघाली. अध्यक्ष बोरकुटे साहेब. हे साहेब पूर्वी कुठंतरी इंजिनिअर होते आणि आता लेआउट पाडतात. आमच्याकडे शेत मोडून त्याचे प्लॉट पाडले की त्याला लेआउट म्हणतात, आणि त्याला नाव देण्याची एक रीत आहे: जे तोडलं त्याचं नाव द्यायचं. साहेबांच्या तीन लेआउटची नावं आम्रकुंज, वटछाया आणि मोहवन. वटछायेत सावलीला उभं राहायचं म्हटलं तर विजेचा खांब आहे.

अशा माणसाच्या हाताखाली मी का गेले? झाडांसाठी गेले. झाडांपाशी जायचा रस्ता त्या शहरात त्या वर्षी साहेबांच्या गाडीतूनच जात होता.

गाडीला एसी होता. झाड आलं की गाडी थांबायची, मी आणि आणखी दोघे सदस्य उतरायचो, साहेब काच खाली करून विचारायचे, "मॅडम, हे फोटोत कसं येईल?" वयाचं निराळंच. मी बुंध्याचा घेर, फांद्यांची ठेवण, आसपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असं सगळं जुळवून म्हणायचे, "ऐंशीच्या आसपास असावं." साहेब म्हणायचे, "दीडशे लिहा ना. बोर्डावर बरं दिसते." एका पिंपळाला ते थेट रामायणात घेऊन चालले होते, मी हात आखडता घेतला म्हणून तो ब्रिटिशांपाशी थांबला.

दारव्हा रोडच्या त्या निंबापाशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. ऊन असं की डोक्याला बांधलेली ओढणी गरम तव्यासारखी लागत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि त्या निंबाखाली मात्र जत्रा. दोन ऑटो, एक खोलून ठेवलेला ट्रॅक्टर, बाजेवर झोपलेला एक माणूस, पाण्याचा माठ, आणि या सगळ्यांच्या मध्ये ग्रीसनं काळेकुट्ट झालेले सलीमभाई. त्यांचं गॅरेज म्हणजे ते झाडच होतं. मागे पत्र्याची एक खोली होती, पण ती पाने-पक्कड ठेवायला. काम सगळं झाडाखाली. आडव्या फांदीला एक जाड साखळी बांधलेली होती, तिला कप्पी लावून ते इंजिन वर उचलायचे. साखळी इतकी जुनी की फांदीची साल तिच्यावर चढली होती. बुंध्याशी वर्षानुवर्षांचं काळं ऑइल सांडून माती डांबरासारखी झालेली.

मला संताप आला. "भाऊ, या झाडाचे काय हाल केलेत तुम्ही?"

"काय केलं?" सलीमभाईंनी वर न बघता विचारलं. "माझ्या अब्बांपासून हाये ते असंच. काई होत नाही त्याले."

वर पाहिलं तर खरंच काही झालेलं नव्हतं. झाड मोहोरानं गच्च होतं, मधमाश्यांचा घूं घूं आवाज इतका की खालचा हातोडा मध्येच ऐकू येईनासा व्हायचा. ट्रॅक्टरच्या सीटवर, ऑइलच्या डब्यावर, सलीमभाईंच्या टोपीवर, सगळीकडे पांढरी फुलं.

मी मोजमाप सुरू केलं तसे ते उठले. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. माझ्याजवळ येऊन आवाज बारीक करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही याले वारसा-फारसा काई लिहू नका."

"काहून?"

"वारसा झालं की बाजूचं सारं साफ करतीन. मले उठवतीन."

"आणि नाही लिहिलं तर झाड तुटते. मग कुठं बसाल?"

"मंग ते रस्त्यासाठी तुटन. त्याले दोन-चार वर्षं लागतीन. तवरीक तं बसून राहीन ना मी."

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. म्हटलं, मी लिहिणार. झाड शंभरच्या आसपासचं आहे, निरोगी आहे, ते राहिलं पाहिजे. तुम्हाला उठवतील हेही खरं आहे, आणि त्याबद्दल मी समितीत बोलीन. आजही तो प्रसंग आला तर मी तेच लिहीन. सलीमभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, जमिनीवर थुंकले आणि परत ट्रॅक्टरखाली शिरले. त्यानंतर बाजारात समोर आले तरी मान वळवून जायचे.

समितीत मी बोलले. बोरकुटे साहेबांनी समोसा खाता खाता ऐकून घेतलं. "मॅडम, वारसा म्हणजे काहीतरी पवित्र वाटलं पाहिजे. गॅरेज कसं शोभन?" त्यांच्या लेखी पवित्र म्हणजे जिथं काम करणारा माणूस दिसत नाही अशी जागा. ठराव झाला. रस्ता थोडा सरकला, निंब वाचला, आणि एका सकाळी गॅरेज उचललं गेलं. सलीमभाई बायपासला गेले. तिथं भर उन्हात एक पत्र्याचं शेड, खाली कोबा. दुपारी पाना हातात धरवत नाही इतका तापतो, असं कोणीतरी मला सांगितलं.

मग निंबाचं सुशोभीकरण आलं. हा शब्द मी आता शिवीसारखा वापरते. आधी बुंध्याभोवती खोदलं. खोदताना हाताच्या जाडीची मुळं लागली, ती तोडली. मी धावत गेले, ठेकेदाराला म्हटलं, हे काय करता? तो म्हणाला, "पार बांधून राह्यलो, मॅडम. झाडाले मजबुती येते." शंभर वर्षं वादळात उभं राहिलेलं झाड या माणसाकडून मजबुती घेणार होतं. मी साहेबांना फोन केला, पत्र दिलं, घरी गेले. मुळं श्वास घेतात, त्यांना माती उघडी लागते, बुंध्यालगत सिमेंट ओतलं तर झाड गुदमरतं, हे मी त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमचं शास्त्र बरोबर आहे मॅडम, पण लोकांना बसायला पाहिजे ना." लोक शंभर वर्षं बसतच होते. फक्त बोरकुटे साहेबांनी बांधलेल्या पारावर बसत नव्हते.

पार झाला. त्यावर गुलाबी टाइल्स झाल्या. खोडाला गेरू आणि चुना फासला. फांद्यांवर हिरव्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या, म्हणजे रात्री हिरवं झाड हिरवं दिसावं. आणि शेवटी पाटी आली: "वारसा वृक्ष. यास इजा करू नये." त्याखाली साहेबांचं नाव, वृक्षाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. पाटी लोखंडाची होती आणि ती खोडाला ठोकली होती. बोटभर लांबीचे चार खिळे. मी उद्घाटनाला उभी होते. ठोकणारा हातोडा मारत होता, डिंक येत होता आणि टाळ्या वाजत होत्या.

लोक मला विचारतात, तुम्ही इतकं कडू का बोलता? त्या टाळ्या ऐकल्या असत्या तर त्यांनी विचारलं नसतं. अडाणीपणाचा मला राग येत नाही. मी जन्मभर न कळणाऱ्यांना शिकवलं आहे. पण सांगितलेलं ऐकून, समजून, मान हलवून, आणि तरीही आपल्या नावाच्या पाटीसाठी खिळा ठोकणारा माणूस, त्याच्याबद्दल तुच्छता सोडून दुसरं काही वाटून घ्यायला मी तयार नाही.

पुढच्या चैत्रात मी वाट पाहत राहिले. शहरभर निंबांना तांबूस पालवी फुटली, मग मोहोर आला. दारव्हा रोडच्या निंबाला अर्ध्या अंगाला पालवी आली आणि अर्धं अंग काड्यांसारखं राहिलं. त्याच्या पुढच्या चैत्रात आणखी एक मोठी फांदी गेली. टाइल्सवर फुलं नव्हती, वाळक्या काटक्या होत्या. पारावर कोणी बसत नव्हतं, कारण सावली विरळ झाली होती आणि टाइल्स चटका देत होत्या. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "वय झालं असेल." जे झाड दीडशेचं दाखवायला ते निघाले होते, त्याला आता वय झालं होतं.

अशाच एका दुपारी दाराची बेल वाजली. सलीमभाई उभे होते. घामानं निथळत. मी पाणी दिलं, ते बसले नाहीत.

"मॅडम, ते झाड सुकून राह्यलं."

"माहीत आहे."

"मी आजच गेलतो तिकडून. असं कसं झालं? मी इतके वर्षं तेल सांडलं, साखळी बांधली, तरी काई झालं नाही. आन् यायनं टाइल्स लावल्या तं सुकलं?"

मी सांगितलं. तुमच्या तेलानंही भलं झालं नाही, पण चारी बाजूंनी माती उघडी होती, म्हणून झाडानं ते सोसलं. आता मुळं तुटलीत आणि वरून झाकण बसलंय.

"झाकण काढलं तं?"

"अर्धं तरी जगेल."

"मंग काढू ना. कायले बसून राह्यलो आपण?"

मी म्हटलं, परवानगी लागते. मी तीनदा मागितली आहे. सलीमभाई माझ्याकडे असे पाहत राहिले की मी जणू चिनी भाषा बोलतेय. "ठोकाले कोणाची परवानगी घेतली होती त्यायनं?"

"पण तुम्हाला काय पडलंय?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. "तुमचं गॅरेज काही परत येणार नाही."

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "गॅरेज गेलं ते गेलं. पण मले ज्यासाठी उठवलं ते तं राह्यलं पाहिजे ना! ते बी मेलं, तं मले कायले उठवलं?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. त्यांनी कोणाकडून तरी काँक्रीट फोडायचं मशीन आणलं होतं. मी पाटी काढायला पक्कड घेतली. पहिली टाइल उडाली तेव्हा मला जो आनंद झाला तो सेवानिवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. लोक जमले. काही जण मोबाइल काढून उभे राहिले, काहींनी विचारलं आणि कळल्यावर तुकडे उचलून बाजूला टाकू लागले. खालून माती निघाली ती राखेसारखी कोरडी होती, तिला वासच नव्हता. सलीमभाईंनी मशीन थांबवलं, मूठभर माती उचलली आणि एक अस्सल शिवी दिली. मी शिवी ऐकली आणि मनात दुजोरा दिला.

बोरकुटे साहेब आले तेव्हा अर्धा पार फुटला होता. गाडीतून उतरले, खरोखर उतरले. "हे सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे! मॅडम, तुम्ही शिकल्यासवरलेल्या!"

"मालमत्ता कोणती साहेब? टाइल्स का झाड?"

"तुमच्यावर केस होईल!"

"करा," मी म्हटलं, आणि उपटलेले चार खिळे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते घेतलेही. माणूस गोंधळला की हातात दिलेलं घेतो.

तक्रार झाली. आम्हा दोघांना ठाण्यात नेऊन बाकावर बसवलं. पोलीस ठाण्यातला माझ्या आयुष्यातला तो पहिलाच बाक, सलीमभाईंचाही. ते घाबरले होते. वारंवार म्हणत होते, "मॅडम, तुमची पेन्शन आहे, माह्यं तं हातावरचं पोट हाये." मी म्हटलं, मशीन मी आणलं असं सांगेन. ते इतके हसले की पंख्याखालच्या हवालदारानं दटावलं. दुपार उलटेपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर साहेब हातात खिळे धरून उभे असलेले दिसत होते, मागे खोडाला टेकवून ठेवलेली "यास इजा करू नये" ही पाटी. संध्याकाळच्या आत तक्रार मागे घेतली गेली.

आणि मग साहेबांनी जे केलं त्याला तोड नाही. पुढच्याच आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला: "मुळांना मोकळा श्वास. पार-मुक्त वृक्ष अभियान." अध्यक्ष तेच. पहिला पार फोडायच्या मुहूर्ताला नारळ फुटला, साहेबांनी हातोड्याला हार घालून एक टाइल फोडली, फोटो झाला. त्यांच्या भाषणात मुळं श्वास घेतात हे त्यांनी माझ्याच शब्दांत सांगितलं, आणि ते शब्द आपल्याला बालपणी उमगल्याचंही सांगितलं. मला आणि सलीमभाईंना आमंत्रण नव्हतं. पण शहरातल्या सहासात झाडांभोवतीचं सिमेंट खरोखर निघालं. मी प्रत्येक झाडापाशी जाऊन पाहिलं. झाडाला कोणाच्या हातानं आपली माती उघडी झाली याच्याशी देणंघेणं नसतं. मला असतं. हा माझ्यातला आणि झाडातला फरक आहे आणि त्यात मोठं कोण ते मी ठरवत बसत नाही.

दारव्हा रोडचा निंब अर्धा जगला. वाळलेल्या फांद्या नीट छाटून घेतल्या. आता ते झाड एका अंगानं झुकलेलं, कुबडं दिसतं. फोटोत बरं येत नाही, म्हणून त्याला शांतता आहे.

आता यंदाचं. आर्णी रोड रुंद होतोय. साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमच्याशिवाय समिती कशी?" मी गेले. त्यांच्या गाडीतून नाही गेले. सलीमभाईंनी दुरुस्त करून ठेवलेल्या एका ऑटोतून गेले, आणि ऑटो तेच चालवत होते. आमची आता मैत्री म्हणावी तर आहे. निदान बाजारात ते मान वळवत नाहीत.

आर्णी रोडला एक चिंच आहे. मी पाहिलेल्या सगळ्या चिंचांत जुनी. तिच्याखाली कमलबाई नावाच्या एका बाईची रसवंती. उसाचा चरक, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, मडक्यावर ओलं फडकं. मी झाडाकडे बघतेय हे पाहून तिनं चरक थांबवला.

"मॅडम, तुम्ही ते झाडवाल्या ना? मले उठवतीन काय?"

मी काही बोलायच्या आत सलीमभाई म्हणाले, "बाई, खरं सांगू? मले यायनंच उठवलं. पण झाड उभं हाये."

कमलबाईनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग वर चिंचेकडे. "म्हंजे रस्ता आला तं मी बी जाईन आन् झाड बी. तुम्ही आल्या तं मी एकटीच जाईन."

"हो," मी म्हटलं.

"मंग लिहा. एक तं राहीन." असं म्हणून तिनं चरक पुन्हा सुरू केला. रडली नाही, हात जोडले नाहीत.

मी लिहिलं नाही. तिथंच खुर्चीवर बसून साहेबांना फोन लावला. म्हटलं, या बाईची जागा कायम राहील हे तुम्ही इथं येऊन, तिच्या तोंडावर कबूल करा, तरच माझी सही. माझ्या सहीशिवाय यादी पुढं सरकत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि आपले खिळे धरलेले हात अजून लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत हेही. म्हणाले, "मॅडम, ऊन फार आहे. संध्याकाळी बघू."

"आत्ताच या."

ते आले. चिडलेले, लालबुंद, रुमाल मानेला लावत. चिंचेच्या सावलीत पाऊल टाकलं तसा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तो कोणाचाही होतो. मग तासभर घासाघीस चालली. पार नाही, टाइल्स नाहीत, दिवे नाहीत, खिळा नाही, रसवंती आहे तिथंच. शेवटी सगळं कबूल झालं, आणि अजूनपर्यंत तरी साहेबांनी ते पाळलं आहे. कमलबाईचा चरक आज सकाळीही चालू होता, मी पाहून आले.

त्या तासाभरात साहेबांनी दोनदा इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. कमलबाईनं ती खुर्ची उचलून आपल्या मागे ठेवली.

"खुर्च्या गिऱ्हाइकासाठी हायेत, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही तं मले उठवाले आले होते. उभेच राहा."